महांतप्पांची वाळू

मांजरांची शी काढायला काही विज्ञानाची पदवी लागत नाही, आणि माझ्याकडं तर तीही आहे, असं मी धाराशिवला डॉक्टरबाईंच्या समोर छाती फुगवून सांगितलं तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो. डॉक्टरबाई, माझी बायको अस्मिता, तुळजापूरहून मुद्दाम आलेली माझी आई आणि मी. त्या चौघांत माझ्यावर विश्वास बसला तो फक्त माझाच.

त्याचं असं झालं. अस्मिताला तिसरा महिना लागला होता आणि मी लोहाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, तिथल्या आमच्या घरात दोन मांजरं होती. जिलबी नावाची पिवळी मांजरी आणि मिशांमुळं हवालदार हे नाव पडलेला बोका. घरात लेकरू येणार तर मांजरं गेली पाहिजेत, हे आईचं म्हणणं. बेंबळीला मामाच्या शेतात उंदीर भरपूर, तिथं नेऊन सोडू. अस्मिता यावर एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिच्या न बोलण्याची मला भीती वाटायची. मागल्या वर्षी आमचं एक लेकरू तिसऱ्याच महिन्यात गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती अशीच गप्प होती. तेव्हाही आई मांजरांकडं बघून काहीतरी पुटपुटली होती. ते मी ऐकलं होतं, अस्मितानंही ऐकलं असणार.

डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट बघितले आणि मांजरं घालवायची गरज नाही म्हणून सांगितलं. फक्त त्यांच्या शीच्या ट्रेला अस्मितानं हात लावायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो रोजच्या रोज साफ करायचा, हातमोजे घालायचे आणि नंतर साबणानं हात चोळून चोळून धुवायचे. यावर मी वर सांगितलेलं ते वाक्य बोललो. परत येताना एसटीत आईनं अट घातली. एक दिवस जरी चुकला किंवा शेजारीपाजारी कुणाची एक जरी तक्रार आली, तर मांजरं बेंबळीला. मी हो म्हणालो.

पहिले चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी ट्रेमधली माती संपली. ही माती अस्मिता ऑनलाइन मागवायची. मी मागवली, आणि ती माझ्या हुशारीनं जुन्या पत्त्यावर, लातूरला जाऊन पडली. आता ट्रेत घालायचं काय? आमच्या शेजारी महांतप्पांचं बांधकाम चालू होतं. महांतप्पा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, अतिशय सज्जन माणूस. त्यांच्या वाळूचा ढीग आमच्या फाटकापासून दहा पावलांवर होता. मी एक बादली वाळू आणली. दुपारी भेटले की सांगू, म्हटलं. दुपारी ते भेटले, पण तेव्हा सांगायचं राहून गेलं.

मांजरांना ती वाळू फार आवडली. इतकी आवडली, की दुसऱ्या दिवसापासून ट्रे कोरा राहायला लागला. मी रोज सकाळी हातमोजे घालून जायचो आणि ट्रेत काही नसायचंच. माझ्या देखरेखीचा हा परिणाम, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. आईला मात्र काळजी लागली. चार दिवस झाले, या मुक्या जनावरांना साफ कसं होत नाही? मांजरांचं तोंड बघायला नको म्हणणारी माझी आई जिलबीला मांडीवर घेऊन तिच्या पोटाला हळूहळू तेल चोळताना मी या डोळ्यांनी बघितली.

दहाव्या दिवशी खिडकीतून हवालदार दिसला. तो महांतप्पांच्या ढिगावर शेपूट ताठ करून बसला होता आणि चेहऱ्यावर कमालीची शांती होती. खालच्या अंगाला जिलबी वाळू उकरत होती. घरातल्या ट्रेत आणलेली वाळू ज्या मोठ्या ट्रेतून येते, तो मोठा ट्रे त्यांनी वास घेऊन शोधून काढला होता.

सोमवारपासून महांतप्पांचं प्लॅस्टर सुरू होणार होतं. गवंड्याच्या हाताला काही लागायच्या आत सगळं साफ करायला पाहिजे होतं, म्हणून रविवारी उजाडता उजाडता मी खुरपं बादलीत लपवून निघालो. हात धुवायचे असतात, म्हणून सोबत पाण्यानं भरलेला मग घेतला. ढिगाच्या आडोशाला उकिडवा बसलो आणि खुरप्यानं शोध सुरू केला.

महांतप्पा नव्या भिंतींवर पाणी मारायला इतक्या लवकर येतात, हे मला माहीत नव्हतं. पाठीमागं पावलं वाजली आणि थांबली. मी मान वळवली. त्यांनी मला बघितलं. मग माझ्याशेजारचा पाण्याचा मग बघितला. बादली माझ्या पलीकडं होती, ती काही त्यांना दिसली नाही. ते लगबगीनं पाठमोरे झाले.

"आवरा सर तुमचं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तिकडं बघतो."

एका वाक्यात खुलासा झाला असता. पण तेवढ्यात आई आमच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला आली होती. मी 'मांजर' हा शब्द उच्चारला असता, तर शेजाऱ्याची तक्रार तिच्या कानात पडली असती आणि संध्याकाळच्या आत जिलबी आणि हवालदार बेंबळीच्या वाटेला लागले असते. मला अस्मिताचा चेहरा आठवला. मी मग उचलला, बादली आडोशाला धरली, खाली मान घातली आणि निघालो.

महांतप्पांनी ही गोष्ट फक्त आपल्या बायकोला, सिताबाईंना सांगितली. सिताबाईंनीही फार जणींना सांगितली नसावी. पण मंगळवारी शाळेत मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन घरी नळाला पाणी येतं ना, असं विचारलं. गणिताच्या अंबादास सरांनी तर, कधीही संकोच न करता आमच्याकडं येत चला, असं आपुलकीनं सांगितलं. मी सगळ्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार होतो?

बुधवारी अस्मिता भाजी घेऊन आली आणि तोंडाला पदर लावून खुर्चीत बसली. तिचे खांदे हलत होते. मी घाबरलो, पाणी आणायला धावलो. आलो तर ती हसत होती. सिताबाईंनी तिला भाजीच्या गाड्यापाशी गाठून अगदी मायेनं विचारलं होतं, सासूबाई आल्यापासून सरांची घरात अडचण होते का?

वर्षभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. हसणं ओसरल्यावर तिनं खरं काय ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं. 

"जाऊ दे त्यांना बेंबळीला," ती म्हणाली. "तुझं असं नाव झालेलं मला नाही चालणार."

मी म्हटलं, "नावाचं काय, दोन महिन्यांत लोक विसरतील. तुला करमेल का त्यांच्याशिवाय?"

 ती सावकाश सांगू लागली. मागल्या वर्षी दवाखान्यातून घरी आल्यावर जो येईल तो देवाची मर्जी म्हणून जायचा. नाहीतर हे का खाल्लं, ते का उचललं, असं विचारायचा. "ही दोघं काहीच विचारायची नाहीत. नुसती येऊन पायाशी पडायची. तेवढ्यानं दिवस जायचा."

त्या दिवसांत मी काय करत होतो, हे मला आठवेना. बहुतेक पेपर तपासत होतो.

आई स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभी होती. ती कधीपासून तिथं होती, कोण जाणे. तिनं जुडी खाली ठेवली, चप्पल घातली आणि बाहेर गेली. दहा पावलांवरचं बोलणं आम्हाला घरात स्वच्छ ऐकू आलं.

"महांतप्पा, माझ्या मुलाला तसली खोड नाही. वाळू आमच्या मांजरांनी घाण केली. तो ती साफ करायला बसला होता."

 महांतप्पा म्हणाले, "व्हय का. मला लई वाईट वाटलं होतं बघा. एवढा शिकलेला माणूस."

"वाळू तो चाळून देईल. आणि मांजरं आमची आहेत, ती इथंच राहणार आहेत. तुम्ही ढिगावर काहीतरी झाका."

आई परत आली आणि अस्मिताच्या शेजारी बसली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही.

"मागच्या वेळेला मी मांजरांना बोलले," ती म्हणाली. "ते मांजरांमुळं झालं नव्हतं. मला कळत होतं. पण कुणाला तरी बोल लावल्याशिवाय माझ्या जिवाला थारा नव्हता, आणि तुला तर लावायचा नव्हता."

अस्मितानं तिचा हात धरला. दोघी तशाच बसून राहिल्या. अशा वेळी पुरुषानं काय करायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी कोथिंबीर निवडली.

पुढचे दोन रविवार मी महांतप्पांच्या दारात उभ्या चाळणीवर फावड्यानं वाळू फेकत होतो. गवंडी सोमवारी आलाच नव्हता, आणि आता प्लॅस्टर माझ्यासाठी थांबलं होतं. माझ्या वर्गातली मुलं सायकली थांबवून बघायची आणि सर, हा कुठला प्रयोग, म्हणून विचारायची. सिताबाई चहा पाठवायच्या. आई अंगणात खुर्ची टाकून बसायची, मांडीवर जिलबी, आणि डावीकडचा ढीग राहिला म्हणून मला सांगायची.

पुढं दिवस भरले आणि मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं. अस्मिता बाळाला घेऊन घरी आली तेव्हा दार उघडायला मीच पुढं धावलो. आईनं बाळंतिणीच्या खोलीपुरता नवा नियम काढला होता. मांजरं सव्वा महिना खोलीत येणार नाहीत, आणि रोज मांजरांची घाण काढणारा माणूसही येणार नाही. मी डॉक्टरबाईंचा दाखला दिला, कोपरापर्यंत घासलेले हात पुढं करून दाखवले, शेवटी विज्ञानाच्या पदवीचीही आठवण करून दिली.

आईनं माझ्या हातांचा वास घेतला आणि मान हलवली.

तेव्हा सध्या संध्याकाळी शाळेतून आल्यावर आम्ही तिघं उंबऱ्याबाहेर ओळीनं बसतो. आधी हवालदार, मग जिलबी, मग मी. आत पाळणा हलतो, अस्मिता काहीतरी गुणगुणत असते, आणि मुलगी जागी झाली की आई तिला उचलून दारापर्यंत आणते आणि लांबूनच दाखवते. आधी मांजरांना.