मामांची शोकसभा, दुपारी चार वाजता

"खोटं बोलायचं नाही आणि रजाही मिळवायची, हे फक्त आपल्यालाच जमतं!" शनिवारी सकाळी नाजूकरावाने आरशासमोर छाती काढून सांगितलं, आणि त्याच भरात वस्तऱ्याने हनुवटी कापून घेतली.

नाजूकराव हे त्याचं कारखान्यातलं नाव. कारखाना कवळ्यांचा. मेणात एकेक दात बसवण्याचं काम त्याच्याकडे. हात नाजूक, पण काळीज हातापेक्षाही नाजूक! फोन वाजला तरी गडी दचकायचा. आणि मालकीण, म्हणजे मॅडम, समोर आल्या की याची बोबडीच वळायची. मॅडमचा नियम साधा होता: घरात कुणी गेल्याशिवाय रजा नाही. थाप मारणाऱ्याला त्याच दिवशी नारळ!

आता पंचाईत अशी की, 'मामांची शोकसभा' त्या दिवशी चार वाजता गावात येणार होती. दचकू नका, कुणी गेलेलं नव्हतं. हे एका रॉक बँडचं नाव! चार जण, ड्रमरच्या गॅरेजमध्ये गाणी करणारे, फारसे कुणाला माहीत नसलेले. नाजूकराव मात्र अकरा वर्षं त्यांची गाणी कानात घालून दात बसवत होता. प्रत्यक्ष एकदाही पाहिलं नव्हतं. आज पाहायचंच, मग काय वाट्टेल ते होवो!

"मॅडम, मला दुपारी जायचंय. मामांची शोकसभा आहे." एका दमात म्हणाला. शब्दन् शब्द खरा!

मॅडमनी चष्मा काढला. "अरेरे! अचानक?"

"नाही, तारीख महिनाभर आधी ठरली होती."

"इतकं आधीच कळलं होतं? फार सोसलं असणार रे. आईला फोन लावून दे, दोन शब्द बोलते."

नाजूकरावाने फोन खिशात खोल कोंबला. "नको मॅडम! आईला यातलं काही माहीत नाही. तिला ते सहनच होत नाही." हेही खरंच होतं. एक गाणं लागलं की आई दार आपटून बाहेर जायची.

"सख्ख्या भावाचं बहिणीला सांगितलं नाही? गर्दी असेल ना बरीच?"

"खूप! तिकीट काढून येतात लोक."

"लांबून येतात म्हणजे! मग आपणही जायला हवं. चला रे सगळे, हातातलं काम ठेवा!"

"मॅडम, तिथे लोक फार ओरडतात हो!"

"ओरडणारच. दुःख आहे ते."

झालं! प्लास्टरवाले काका स्कूटरच्या चाकाएवढं पुष्पचक्र घेऊन आले. पॉलिशवाल्या ताईंनी आधीपासूनच डोळ्याला रुमाल लावला. कामाचे पांढरे कोट अंगावर तसेच ठेवून सगळे टेम्पोत बसले. नाजूकराव मधोमध. पळून जायलाही जागा नाही! आज नोकरी जाणार, घरी कळणार, आई बोलणं टाकणार... त्याने तोंड ओंजळीत लपवलं. काकांनी पाठीवर हात फिरवला, "रड, रड. मोकळा हो."

सभागृहावर हातभर अक्षरांत पाटी: 'मामांची शोकसभा'. खाली शंभरेक तरुण मुलंमुली, झाडून सगळी काळ्या कपड्यांत.

"केवढी मोठी असामी!" मॅडमनी हात जोडले. "आणि तू कधी बोललाही नाहीस."

दारावरच्या धटिंगणाने पांढरे कोट पाहिले, पुष्पचक्र पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही स्टेजवाले ना? मागच्या दाराने या."

"घरच्यांना पुढे बसवतात," ताई कुजबुजल्या. नाजूकरावाने "नाही, नाही" म्हणायला तोंड उघडलं. तोवर काकांनी त्याच्या हातात पुष्पचक्र दिलं आणि मागून ढकललं.

मंडळी थेट स्टेजवर! डोळ्यांवर झगझगीत दिवे. गायकाला वाटलं, हे सगळं ड्रमरने ठरवलं. ड्रमरला वाटलं, गायकाने. दोघांनी एकमेकांकडे पाहून कौतुकाने माना डोलावल्या. आता मॅडमना कळणार! नाजूकरावाने पुष्पचक्र तोंडासमोर धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"मामांचा फोटो कुठाय?" मॅडमनी गायकाला विचारलं.

"मामा नाहीत ना."

"ते माहीत आहे! म्हणून तर आलो!" असं म्हणून मॅडमनी माइकच ओढून घेतला. "मामांना मी कधी भेटले नाही. पण तीस वर्षं कवळ्या करतेय, एवढं सांगते. केस जातात, पैसा जातो, माणूसही जातो. दात राहतात!"

अख्खं सभागृह दणाणलं! "दात राहतात! दात राहतात!" ड्रमरने ठेका धरला, गिटार किंचाळली. मॅडमसाठी उभ्या जन्मात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी तेच वाक्य आणखी चाळीस वेळा म्हटलं. काका नाचले. ताई रडता रडता नाचल्या. नाजूकराव पुष्पचक्रामागे डोळे मिटूनच मनात राजीनामा लिहीत होता.

सोमवारी मॅडमनी त्याला आत बोलावलं.

"मामा वगैरे कुणी नव्हते ना?"

"न... नव्हते, मॅडम."

मॅडम खुर्चीत रेलल्या. "गायकाचा फोन होता. येत्या शनिवारी शेजारच्या गावात कार्यक्रम आहे. मी आले नाही तर लोक खुर्च्या फेकतील म्हणतो. मी जातेय. तोवर कारखाना तू सांभाळ."

नोकरी शाबूत! नाजूकरावाचा जीव भांड्यात पडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला धीर आला.

"मॅडम, मलाही येऊ द्या ना! अकरा वर्षं वाट पाहिली हो, आणि परवा भीतीने डोळेच उघडले नाहीत. मी त्यांना पाहिलंच नाही!"

"म्हणजे रजा हवीय?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, तुझे मामा तरी किती वेळा जाणार!"