बॉयलर पेटवण्याच्या सहा पायऱ्या

“या खेपेला बॉयलरची परीक्षा पास होणार म्हणजे होणारच!” इस्त्रीकाकूंनी लॉन्ड्रीत सगळ्यांना ठणकावून सांगितलं. बारा वर्षं इस्त्री फिरवून त्यांचा खांदा कामातून गेला होता. सर्टिफिकेट मिळालं की मालक त्यांना बॉयलरवर घेणार होता, आणि तिथे चक्क बसायला खुर्ची होती!

काकूंची सगळी भिस्त मोबाइलवरच्या विद्यार्थी ग्रुपवर. काय एकेक माणसं हो तिथली! काकूंनी सेफ्टी व्हॉल्वबद्दल भीतभीत विचारलं, तर कागद कारखान्यातल्या एका दादांनी जेवणाच्या सुट्टीत चित्र काढून पाठवलं. ना ओळख, ना पाळख! काकू भारावूनच गेल्या. आपणही काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी वहीतल्या पानाचा फोटो टाकला, ‘बॉयलर पेटवण्याआधी’. पाण्याची पातळी, सेफ्टी व्हॉल्व, धुराची वाट, तेलाची टाकी, सगळं ओळीने. पाचवी ओळ होती ‘नवऱ्याला उठवणे’. सहावी, ‘पेटवणे’.

नवऱ्याची दुपारपाळी असायची आणि गजराला तो दाद देत नसे, एवढंच हो!

संध्याकाळपर्यंत ते पान चार हजार जणांनी उतरवून घेतलं.

“पाचवी पायरी लाखमोलाची!”

“बरोबर! पेटवताना दुसरं माणूस जागं हवंच!”

“लग्न न झालेल्यांनी काय करायचं?” एकाने काळजीने विचारलं.

“शेजाऱ्याला उठवायचं,” दादांनी निकाल दिला.

काकूंनी घाईने मोबाइल उचलला. त्यांनी लिहिलं, “अहो, ती माझी घरची आठवण आहे!”

“बघा, काकू किती साध्या! श्रेयसुद्धा घेत नाहीत!”

काकू थक्क! एवढी हुशार माणसं आपल्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून त्यांचा ऊर भरून आला.

तोंडी परीक्षेत साहेबांनी नेमक्या बॉयलर पेटवण्याच्याच पायऱ्या विचारल्या. काकूंनी घडाघडा पाच पायऱ्या सांगितल्या.

“एक राहिली.”

“नाही साहेब, एवढ्याच आहेत.”

“सकाळपासून तेवीस जणांनी सांगितली!” साहेबांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर काकूंचंच अक्षर!

“साहेब, हे मीच लिहिलंय.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही लिहिलं असतं, तर विसरला असता का? पुढच्या खेपेला या. आणि त्या ग्रुपमध्ये जा जरा. फार जाणकार बाई आहेत तिथे.”

“जाते, साहेब,” काकू म्हणाल्या.