एरियल, अर्थ आणि आमच्या सासूबाई

चांदा जिल्ह्यात मूल गावापासून सिंदेवाहीपर्यंतच्या पट्ट्यात रेडिओची परिभाषा समजणारा माणूस एकच होता, आणि तो मी! हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व करायला निदान कुणी स्पर्धेला तरी असावं लागतं. आमच्या गावात वीज नव्हती, धड सडक नव्हती, आणि रेडिओ एकच होता, तोही शाळामास्तराच्या म्हणजे माझ्या घरी. त्याच्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी सात वेळा वाचलं होतं. पहिल्या पाच वेळा काही कळलं नाही. सहाव्या वेळेपासून मी इतरांना समजावू लागलो.

रेडिओ घेतला तो सासूबाईंसाठी. आमचे सासरे लटारूभाऊ हे दंडारीतले, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातले, नावाजलेले गायक. नाटकात लुगडं नेसून बाईचं सोंग घ्यायचे आणि असं गायचे, की समोरच्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. त्यांना नागपूरच्या रेडिओने दोन महिने आधीच पत्र पाठवून गायला बोलावलं होतं. चैत्रातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, पंधरा मिनिटं. आणि रुखमाबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं गाणं एकदाही समोर बसून ऐकलं नव्हतं. कारण दंडार उभी राहिली की तीस-चाळीस माणसांचा सैपाक त्यांच्या गळ्यात पडायचा. गाणं मांडवात आणि त्या चुलीपाशी. हे मला माझ्या बायकोने, सुगंधाने, सांगितलं आणि मी तिथल्या तिथे शब्द दिला, की त्या गुरुवारी तुझी आई सगळ्यांत पुढे बसेल.

सासूबाई आठ दिवस आधीच आल्या. आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. त्या दाराआड उभ्या राहून सुगंधाला सांगायच्या आणि सुगंधा मला सांगायची, जरी आम्हा तिघांत मिळून चार हातांचं अंतर असलं तरी. चैत्राचे दिवस होते. स्वस्थ बसणं त्यांना माहीतच नव्हतं, म्हणून रोज पहाटे मोहफुलं वेचून आणायच्या आणि अंगणात चटईवर वाळत घालायच्या.

मी मात्र रेडिओ आल्या दिवसापासून शास्त्राच्या प्रसाराला लागलो होतो. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर रात्रीपर्यंत माझ्या ओसरीवर गर्दी जमे. हे एरियल, म्हणजे आकाशातून आवाज धरणारी तार, ती चिंचेला बांधली आहे. हे अर्थ, म्हणजे जमिनीत पुरलेली सळई, तिच्याभोवतीची माती ओली पाहिजे. हे वाल्व्ह, काचेचे, यांना हात लावायचा नाही. आणि ही बॅटरी, दोन विटांएवढी, हिच्यात वीज भरलेली असते. हे सगळं मी रेडिओ चालू ठेवून समजावत असे. बंद रेडिओसमोर कोण बसणार?

शेजारचे झिंगूभाऊ रोज तेच प्रश्न विचारत आणि मी रोज तीच उत्तरं देई. दोघांनाही त्यात आनंद होता.

सोमवारी आवाज बारीक झाला. मी घाबरलो नाही, मला परिभाषा येत होती. दोष एरियलचा, हे मी लगेच ओळखलं. तार उंच करायला घराच्या कौलांवर चढलो आणि त्यातले नऊ कवेलू फोडले. आवाज होता तेवढाच राहिला. मंगळवारी दोष अर्थचा ठरला. सुगंधाने विहिरीवरून सात घागरी पाणी आणून सळईपाशी ओतलं आणि अंगणात असा चिखल झाला, की झिंगूभाऊंची म्हैस येऊन त्यात बसली. तिला उठवायला चार माणसं लागली. बुधवारी मी चारही वाल्व्ह काढून धोतराच्या सोग्याने पुसले.

तेव्हा दाराआडून सासूबाई सुगंधाला काहीतरी म्हणाल्या.

"आई म्हनते, तो डबा थकला असन," सुगंधा म्हणाली.

मी हसलो. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की बॅटरी सहा महिने चालते. रोज दोन तास लावला तर, हेही लिहिलं होतं, पण ते खालच्या ओळीत बारीक अक्षरात होतं. मी सासूबाईंना, अर्थात सुगंधामार्फत, बॅटरी म्हणजे काय ते तासभर समजावलं. रेडिओ चालूच होता.

गुरुवारी सकाळी रेडिओतून चकार शब्द निघाला नाही. मी ती खालची ओळ आठव्यांदा वाचली आणि रेडिओ रोज किती तास चालला ते बोटांवर मोजलं. चांद्याची बस पहाटेच गेली होती. नवी बॅटरी आणून सातच्या आत परतायची काही सोय नव्हती. सासूबाईंनी त्या दिवसासाठी पेटीतलं हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं, ते दोरीवर दिसत होतं. मला माझीच लाज वाटली. सुगंधाला म्हटलं, तूच सांग आईला. ती म्हणाली, "तुमीच सांगा. शब्द तुमी देला होता."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंसमोर उभा राहिलो आणि मोहफुलांकडे बघत सगळं सांगितलं. त्यांनी पदर पुढे ओढून सगळं ऐकून घेतलं. मी शाळेत गेलो. त्या दिवशी पोरांना काय शिकवलं ते पोरांनाच ठाऊक.

दुपारच्या सुट्टीत घरी आलो तर बॅटरी अंगणात! चटईवर, मोहफुलांच्या मधोमध, उन्हात. सासूबाई फुलं वरखाली करत होत्या आणि मधूनच बॅटरीही या कुशीवरून त्या कुशीवर वळवत होत्या. वरचं डांबर पाघळलं होतं, त्याला मोहफुलं चिकटली होती, आणि त्यांच्यावर मुंग्या आल्या होत्या.

"आई म्हनते, दमट झालं का वाळवा लागते," सुगंधाने निरोप दिला.

बॅटरी म्हणजे मोह नव्हे, हे मी सांगणार होतो. पण गेल्या चार दिवसांत माझ्या सांगण्याने काय झालं ते आठवलं आणि मी चिखलाच्या बाजूने आत गेलो.

पावणेसातला अंगण पुरुषांनी भरलं. आत बायका, आणि सगळ्यांत पुढे हिरव्या लुगड्यात सासूबाई. मी मुंग्या झटकून बॅटरी पुन्हा जोडली आणि देवाचं नाव घेऊन बटण फिरवलं. रेडिओ खरखरला. मग अगदी बारीक, दूरच्या शेतातून यावा तसा आवाज आला, लटारूभाऊंचं नाव आलं, आणि गाणं सुरू झालं. धानाच्या बांधीवर उभी राहून नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं होतं.

सासूबाईंनी रेडिओच्या तोंडावरच्या कापडाला कान लावला. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंड सुटलं. उष्णतेमुळे बॅटरीच्या आतल्या द्रव्यात काय होतं, हे मी बायकांना समजावू लागलो.

"जावईबापू, उगी राहा," सासूबाई म्हणाल्या. सुगंधामार्फत नव्हे, थेट.

मी उगी राहिलो. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज आणखी बारीक झाला, आणि संपला. मी बटणाकडे हात नेला. पण सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. पुढची ओळ त्यांनीच उचलली, तीच चाल, तीच तान. चुलीपाशी बसून त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. रेडिओ बंद पडल्याचं त्यांना कळलं की नाही, मला आजही माहीत नाही. माझा हात तसाच राहिला. खोटं कशाला बोलू, मी रडलो.

गाणं संपल्यावर बाहेर आलो तर झिंगूभाऊंनी माझे दोन्ही हात धरले.

"मास्तर, पह्यले आवाज लय बारीक येत होता. मंग असा साफ आला, जसे का लटारूभाऊ इथंच बसून गाऊन राह्यले. कोनतं बटन फिरवलं जी?"

"मले नाई मालूम, झिंगूभाऊ," मी म्हटलं.

रेडिओ घरात आल्यापासून मी हे वाक्य पहिल्यांदाच बोललो होतो. झिंगूभाऊंचा त्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा झाला, की खरी गोम काय ती मास्तर कोणाला सांगत नाही.