सुयांचं तारुण्य

व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला बघून शालनवहिनी एवढंच म्हणाल्या, "अगंबाई, क्षणभर मामंजीच वाटले!" मामंजी जाऊन बारा वर्षं झालेली. वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने डोंबिवलीला, आणि इकडे रत्नागिरीत त्यांचे यजमान अनिलराव (वय चोपन्न, हुद्दा कारकून) आरशासमोर गाल ओढून बघायला लागले. शनिवारी ती दारात येईल, आपल्याकडे टक लावून बघेल, लग्नानंतर भाट्याच्या किनाऱ्यावर बघितलं होतं तशी... बास, एवढंच त्यांना हवं होतं.

"बारीक सुया आणि रेडिओ फ्रिक्वेन्सी," कातडीच्या डॉक्टर मनालीबाई म्हणाल्या. "कातडी आतून तापते, घट्ट होते. दोन-तीन दिवस लाली राहील."

बुधवारी सकाळी तोंड बधिर करायचं मलम लागलं आणि अनिलराव तरंगायलाच लागले.

"गाणी कधी लागणार?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कसली गाणी?"

"रेडिओ म्हणालात ना!"

यंत्र टकटक करत राहिलं. अनिलराव केव्हाच भाट्याच्या वाळूत पोचले होते. सुरूच्या बनातून वारा येत होता, शालनच्या केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर माळलेला होता (मधूनच काहीतरी टोचत होतं, पण प्रेमात तेवढं चालायचंच).

घरी येऊन बघतात तर तोंड लालभडक, वर बारीक बारीक ठिपके. तेवढ्यात फोन वाजला. "अहो, मी आजच निघाल्येय. संध्याकाळी पोचते."

अनिलरावांनी फ्रिजमधला बर्फ काढून गालांवर घासला. त्यात शेजारच्या सोनूबाई ताक घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"आवो भावोजी, ह्या तर कांजण्या! देवी आल्येय घरात!"

"छे हो, ते मशीन..." एवढं बोलून अनिलरावांनी जीभ चावली. खरं सांगावं तर दिवेलागणीपर्यंत अख्खी आळी दात काढत फिरली असती. सोनूबाईंनी दाराला कडुनिंब बांधला, भावोजींना पांढऱ्या चादरीवर निजवलं आणि उशाशी उदबत्ती लावली.

संध्याकाळी शालनवहिनी आल्या. सोनूबाईंनी अंगणातच सगळं कानावर घातलं होतं. पिशवी दारातच टाकून वहिनी जवळ आल्या, आणि खरंच बघत राहिल्या. टक लावून, डोळे भरून. अनिलरावांचं काळीज थेट पंचविशीत गेलं.

"शालन..." ते पुटपुटले.

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला, गुडघे टेकले आणि जमिनीला कपाळ लावलं.

"माये, चुकलंमाकलं पदरात घे गं!"

मागून सोनूबाई सारख्या खुणावत होत्या. शेवटी अनिलरावांनी निमूट हात वर केला आणि बायकोला आशीर्वाद दिला.