ताट हातातच राहिलं

नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारची फिलोमिनाबाय फराळाचं ताट घेऊन दारात उभी राहिली आणि दत्तप्रसाद मास्तरांनी ते घेतलं नाही. गोव्यातल्या पेडण्याची रीत अशी की शेजाऱ्याचं ताट घ्यावं, रिकामं करावं आणि त्यात चिमूटभर साखर घालून परत द्यावं. साखर पडली की आलेला माणूस आपल्या घरी चालता होतो. बायको मालतीबाई गेल्यापासून मास्तरांना आलेला माणूस जाऊ द्यावासा वाटत नसे. मुलगा गौरेश बेंगळुरूहून फोन करायचा, पण ‘ठेवतो’ हा शब्द त्याला फार लवकर सुचायचा. तेव्हा ताट घ्यायचंच नाही, म्हणजे बाय जाणार नाही, असा मास्तरांचा हिशेब.

“ख्रिसमस म्हणजे काय, ठावूक आसा?” त्यांनी विचारलं. इतिहासाचे निवृत्त शिक्षक ते, हातात खडू नव्हता इतकंच.

“नाताळ, मास्तर. हां धरा. दोदोल आसा, नेवऱ्यो आसत.”

“ख्रिस्ताची मिसा, म्हणजे चर्चीतली प्रार्थना! जुन्या इंग्रजीतले दोन शब्द जोडले. आणि गंमत बघ, सुरवातीची दोन-तीनशे वर्सां चर्चीत हो जन्मदिवस कोण करीच नासलो. एक धर्मपंडित तर म्हणालो, वाढदिवस करतत ते पापी राजे!”

“मास्तर, हात दुखतत माझे.”

“पंचवीस तारीख रोमान धरली, ती चौथ्या शतकात. पूर्वेकडचे लोक सहा जानेवारी धरीत!”

“म्हणजे आमचो नाताळ फाल्यां, पंचवीसाक न्हय?”

“मुळात न्हयच!” मास्तर रंगात येऊन म्हणाले.

तेवढ्यात बायला भट्टीत भाजत ठेवलेली बेबिंका आठवली. ती लगबगीने निघाली आणि ताटही तिच्याबरोबर गेलं.

दुसऱ्या दिवशी झाडूपोछा करायला आलेली शेवंती म्हणाली, “मास्तर, तुमी ताट परत धाडलां? फिलोमिनाबाय सांगता, मास्तर शिकलेलो माणूस, तेंका हो दिवस मान्य ना.”

मास्तर हादरले. गैरसमज दूर करायला ते लगेच बाहेर पडले, पण कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची खोड. ते रोमला पोचेपर्यंत ऐकणारा मोटारसायकल चालू करायचा. संध्याकाळपर्यंत मास्तरांना नाताळ मान्य नाही याची वाड्याला खात्रीच पटली आणि उरलेल्या दोन ख्रिस्ती घरांची ताटंही मान राखून त्यांच्या दारावरून पुढे गेली. मास्तरांनी एकट्याने पेज घेतली. एकटेपणाची त्यांना सवय होती, पण भाषण करून ओढवून घेतलेला एकटेपणा जास्त बोचत होता. समोर फिलोमिनाबायच्या ओसरीवरचा तारा लुकलुकत होता आणि त्यांना रडू येत होतं.

सहा जानेवारीच्या दुपारी दार वाजलं. दारात बाय होती आणि तिच्या हातात ताट.

“आज तुमची तारीख न्हय?”

मास्तरांनी ताट दोन्ही हातांनी जवळजवळ हिसकावलंच. आत जाऊन रिकामं केलं, साखर घातली आणि बाहेर आले, तर बाय खुर्चीवर बसलेली.

“पंचवीसाक भुरगीं लंडनसून फोन करतत, मागीर वर्सभर कोण ना. आज म्हाका घाई ना. सांगा, त्या रोमचां फुडें किदें जालां?”

मास्तरांनी तोंड उघडलं. रोम आठवेना.

“तां ऱ्हांव दे,” ते म्हणाले. “तुजीं भुरगीं कशीं आसत?”

बाय मुलांचं सांगू लागली. दिवेलागण झाली तरी साखरेचं ताट मास्तरांनी तिच्या हातात दिलं नाही.