कॉलरवरची स्ट्रॉबेरी

"या गावात नाकं सगळ्यांनाच आहेत, पण त्यांचा उपयोग फक्त मला कळला," असं भिंगराव स्वतःविषयी सांगत. आपण नुसतं शिंकलो तरी गुन्हेगार कबुली देतात, हेही तेच सांगत, कारण दुसरं कुणी सांगत नसे. भिंगराव हे नाव शेजाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलेलं. त्यांनी ते पदवी समजून स्वीकारलं. आजवर त्यांनी शोधून काढलेली एकमेव वस्तू म्हणजे स्वतःचा चष्मा, आणि तोही बायकोनं त्यांच्या कपाळावरून उतरवून दिला होता.

ही बायको म्हणजेच त्यांची सहायक. बिनपगारी, आणि राजीनाम्याची सोय नसलेली.

रविवारी सकाळी तिची नणंद बॅग भरून दारात उभी राहिली. डोळे सुजलेले, हातात नवऱ्याचा शर्ट.

"दादा, वास घे! रोज संध्याकाळी हाच वास. खरं काय ते कळलं नाही, तर मी उद्या वकिलाकडे जाते."

भिंगरावांनी शर्टात तोंड खुपसलं. "स्ट्रॉबेरी. व्हॅनिला. बड्या कंपनीचा परदेशी परफ्यूम! बाई श्रीमंत आहे. आणि कॉलरच्या मागे वास जास्त आहे, म्हणजे ती पाठीमागून येते. भित्री आहे."

"की उंच आहे?" बायकोनं विचारलं.

"तेही आहे," भिंगरावांनी उदारपणे मान्य केलं.

परफ्यूमच्या दुकानातल्या मुलीनं शर्ट हुंगला आणि हसू दाबलं. "काका, हा तो नाही. त्याच्यावरून केलेला स्वस्तातला आहे. अस्सल बाटलीच्या टोपणाच्या पैशात ही अख्खी बाटली येते."

"म्हणजे श्रीमंत, पण चिकट!" भिंगराव आनंदले. एखादा पुरावा अंगावर उलटला, की ते त्यालाच कडेवर घेत.

मग जावईबापूंची, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याची, उलटतपासणी झाली. रंगाच्या गोदामात दिवसभर डबे मोजणारा तो सरळ माणूस.

"माझ्या मागे? बाई?" त्यानं विचारलं. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यानं पोट आत घेतलं होतं. संध्याकाळी तो नवा भांग पाडून आला. ते बघून नणंदेला पुन्हा रडू फुटलं. तिला धरून बसलेल्या बायकोला आता खरोखर भीती वाटू लागली. नवऱ्याच्या अकलेपायी एक भरला संसार मोडायचा!

भिंगराव जावईबापूंच्या घरी जाऊन आले ते उशीचा अभ्रा फडकावत. "यालाही तोच वास! बाई घरात शिरते!" घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि एकदम पांढरे पडले. "अगं, माझ्या रुमालालाही! ती आता माझ्या मागावर आहे. पण तू घाबरू नकोस. मी एकनिष्ठ आहे."

"उपकार झाले," बायको म्हणाली. "तो रुमाल मी आज दुपारीच इस्त्रीच्या गठ्ठ्यातून काढून तुम्हाला दिलाय." मग ती नणंदेकडे वळली. "काय गं, जावईबापूंनी शर्ट घालायच्या आधी कधी वास घेतला होतास?"

"सकाळच्या घाईत कोण नवऱ्याचा वास घेतं, वहिनी?"

बायकोनं पायात चपला सरकवल्या आणि नणंदेला हाताला धरून कोपऱ्यावर नेलं. तिथे दोन्ही घरांचा इस्त्रीवाला कुणाच्या तरी पँटवर गुलाबी बाटलीतून पाणी फवारत होता. सगळ्या कोपऱ्यावर स्ट्रॉबेरी दरवळत होती.

"घरच्यांसाठी हौसेनं परफ्यूम आणला," तो म्हणाला, "तर म्हणे डोकं दुखतं. टाकून कसा द्यायचा? पाण्यात थोडा थोडा घालतो, कॉलरला जरा जास्त फवारतो. आणि बाटलीचा फवारा बघा, किती बारीक!"

घरी आल्यावर बायकोनं सगळं सांगितलं. भिंगराव शांतपणे म्हणाले, "मला पहिल्यापासून इस्त्रीवाल्याचाच संशय होता. पण तो पुरुष निघाल्यामुळे जरा गोंधळ झाला."

जावईबापूंचा चेहरा मात्र उतरला. "म्हणजे... कुणीच नाही?"

"कुणीच नाही," बायको म्हणाली.

त्याचं पोट हळूहळू पूर्वीच्या जागी आलं. नणंद त्याच्याकडे बघत राहिली. मग डोळ्यांत पाणी असतानाच ती खदखदून हसली.

"अहो, तुमच्या मागे मी एकटीच आहे. आणि मीही आता दमलेय. उचला ती बॅग."