दुसरा धारक

साळवे काका टॅब्लेटचा पासवर्ड टाकायला बसले की डोक्यावरून मोठा पंचा ओढून घ्यायचे. टॅब्लेट पंच्याच्या आत, काका पंच्याच्या आत, बाहेर फक्त दोन कोपरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सर्दी झालीय आणि वाफारा घेताहेत. मी विचारलंही, "काका, पाण्यात ओवा टाकलात का?"

आतून आवाज आला, "गप्प बस. गुप्त काम चाललंय."

खोलीत आम्ही दोघंच होतो. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी सुनीता बदलापूरला दिलेली. ते गुपित काका कोणापासून लपवत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमची बिल्डिंग उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पात. काका पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्यावर. काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, जोखमीच्या मालाच्या कोठारावर गेली. त्या कोठाराला दोन कुलपं होती आणि दोन चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे असायच्या. दोघं समोरासमोर आले तरच दार उघडायचं. काका निवृत्त झाले, कोठार काही त्यांच्यातून निघालं नाही.

टॅब्लेट घ्यायला मीच त्यांना पाच नंबर कॅम्पातल्या बाजारात घेऊन गेलो. दुकानदार सिंधी, तोंडाचा गोड. "चाचा, इसमें फिंगर लॉक है, पॅटर्न लॉक है, फोल्डर लॉक है. इतना तो मेरी तिजोरी में नहीं है."

काका म्हणाले, "दुसरी चावी किधर है?"

"साईं, इसको चावी नहीं, पासवर्ड लगता है."

"वो मालूम है. एक ही आदमी को पूरा पासवर्ड मालूम, तो फिर लॉक किस बात का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर मी त्यांच्या कागदांचे फोटो आणि बंद पडत आलेल्या जुन्या मोबाइलमधला काकूंचा फोटो एका फोल्डरमध्ये भरले आणि ते एन्क्रिप्ट करून दिलं. समजावलं, की आतल्या फाइलींचा पार काला होतो, पासवर्ड टाकला तरच त्या पुन्हा वाचता येतात. विसरलात तर देवसुद्धा उघडू शकणार नाही.

"देवाचा आणि माझा तसाही काही व्यवहार नाही," काका म्हणाले. "पासवर्ड सोळा अक्षरांचा कर. पहिली आठ माझी, नंतरची आठ तुझी. मी पहिला धारक, तू दुसरा. बायकोलासुद्धा सांगायचं नाही."

"काका, माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास वेगळा, पद्धत वेगळी."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दूधवाल्यासमोर पिशवी मोजायची, तेव्हाही हेच.

मग रोज संध्याकाळी, मी कामावरून येऊन हातपाय धुतले की फोन. "दुसरे धारक, कोठार उघडायचंय." बायको हसायची, "जा, ड्युटी लागली." खाली गेलो की आधी मी भिंतीकडे तोंड करायचं. काका पंच्याखाली एका बोटाने आपली आठ अक्षरं टाकायचे, त्याला सहज चार मिनिटं. मग ते भिंतीकडे तोंड करणार आणि मी टाकणार. चुकलं की काका ठामपणे म्हणायचे, "तुझ्या अर्ध्यात गफलत आहे." गफलत नेहमी त्यांच्याच अर्ध्यात असायची, पण पुन्हा चार मिनिटं भिंत बघण्यावाचून मला इलाज नव्हता. त्या भिंतीचा प्रत्येक पोपडा मला पाठ झाला.

उघडलं की तपासणी. गॅसचं कार्ड? आहे. पेन्शनची ऑर्डर? आहे. ब्लडप्रेशरचे रिपोर्ट? आहेत. काकूंचा फोटो? आहे. काल होते तसेच सगळे आज होते, कारण काल संध्याकाळपासून त्यांना हात लावायला दोन माणसं लागत होती. मग कुलूप आणि मग चहा. चहाच्या आधी पाणी आणि भाजलेला पापड, ही काकांनी सिंधी शेजाऱ्यांकडून उचललेली रीत. पापड मोडता मोडता काका कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, मी मोबाइल बघत हं हं करायचो. अर्धा तास सहज जायचा.

एकदा मी म्हटलं, "अहो, एवढं काय आहे यात चोरण्यासारखं?"

"कोठारात काय आहे हे कोठारवाल्याला विचारायचं नसतं," काका म्हणाले आणि पापडाचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

त्या मार्चात माझ्या ऑफिसात साहेबाने जीव नकोसा केला होता. एका संध्याकाळी चपला काढतो न काढतो तोच फोन आला. माझं डोकं सटकलं. मी चिठ्ठीवर माझी आठ अक्षरं लिहिली, खाली गेलो आणि त्यांच्या हातात ठेवली. "काका, ही माझी चावी. आता तुमचं तुम्ही उघडत जा. मला रोज नाही जमणार."

काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं नाही. न बघताच घडी घातली. "बरं. तुलाही कामं असतात." मग म्हणाले, "पापड भाजलाय."

"नको," म्हणून मी वर आलो. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर फोन आला नाही. जिन्यात भेटले की मी विचारायचो, "काय काका, कोठार?" ते म्हणायचे, "सुरक्षित आहे." मला वाटलं, जमलं म्हाताऱ्याला. पाच महिने गेले. मग छातीचं दुखणं निघालं, सुनीता त्यांना बदलापूरला घेऊन गेली आणि तिथेच ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बदलापूरला गेलो. सगळे जेवायला बसल्यावर सुनीताने मला आतल्या खोलीत बोलावलं. तिच्या हातात तो टॅब्लेट होता. "दादा, आईचा चांगला फोटो यातच आहे. बाबांच्या शेजारी लावायचाय. त्यांची अर्धी चावी त्यांनी मला सांगून ठेवलीय. म्हणाले, उरलेली अविनाशकडे."

तिने तिची आठ अक्षरं टाकली तेव्हा मी सवयीने भिंतीकडे वळलो. मग मी माझी टाकली. उघडलं. गॅसचं कार्ड, पेन्शन, रिपोर्ट. हिरव्या साडीतल्या काकू. सगळं होतं तसंच.

"आणि हे तुमचं," म्हणत सुनीताने एक पाकीट पुढे केलं. डिंकाने पक्कं चिकटवलेलं, जोडावर काकांची सही. चिठ्ठी आत तशीच होती. पाकिटावर त्यांच्या ठळक अक्षरात मार्चमधल्या त्या संध्याकाळची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं:

"दुसरी चावी. धारक रजेवर. परत येईपर्यंत कोठार बंद."

सुनीता म्हणाली, "मी कितीदा म्हटलं, बाबा, फोडा आणि आईचा फोटो बघा. ऐकलंच नाही. म्हणायचे, येईल तो." मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "दादा, तुम्ही बाहेरगावी होता का हो एवढे दिवस?"

मी कुठेच गेलो नव्हतो. अठरा पायऱ्या वर, घरातच होतो.